अर्ध्या युनिटची भीती

शाळेत दुसरा तास सुरू असताना आमच्या इमारतीतल्या काकूंचा फोन आला. “सिस्टर गेल्या गं. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या बसल्याच…” पुढं त्या काय बोलल्या ते मला ऐकूच आलं नाही. त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न आज सांगायचीही लाज वाटते. भुऱ्याला सकाळचं इन्सुलिन देऊन त्या गेल्या, की द्यायच्या आधीच?

निर्मला सिस्टर आमच्या समोरच्या दारात राहायच्या. मूळच्या मंद्रूपच्या. उभा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर जुळे सोलापुरात हा छोटा फ्लॅट घेतला. पार्किंगमध्ये सापडलेलं राखाडी मांजराचं पिल्लू, तो भुऱ्या. आठ वर्षांचा झाल्यावर तो वाटीमागून वाटी पाणी पिऊ लागला, खाऊनही वाळत गेला. डॉक्टर म्हणाले, मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावं लागेल. मांजराला? मी हसलेच होते. सिस्टर हसल्या नाहीत. “माणसाला देत आलेच की. हे तर आपलं लेकरू हाय,” एवढंच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून मलाही शिकवायला लागल्या. आधी खायला घालायचं, मग मानेमागची कातडी चिमटीत धरायची, सुई अलगद आत. मी दोन-दोनदा सुई मागं घ्यायचे. त्यांना कधी तसं करताना मी पाहिलं नाही. टोचण्याआधी त्या क्षणभर खिडकीकडं बघायच्या. मला वाटायचं, मनातल्या मनात प्रार्थना करत असतील.

पुतणीच्या लग्नाला त्या दोन दिवस बार्शीला गेल्या तेव्हा भुऱ्या माझ्या ताब्यात होता. सिरिंजा संपल्या होत्या, म्हणून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवं पाकीट आणलं. इन्सुलिनची सिरिंज म्हणून मागितली, दुकानदारानं दिली. रविवारी सकाळी दोनच्या रेघेपर्यंत नीट भरून टोचलं. दहाच्या सुमारास भुऱ्या सोफ्यावरून उतरला आणि त्याचे मागचे पाय फाकले. पुन्हा उठला, पुन्हा आडवा झाला. डोळे उघडे, पण माझ्याकडं बघत नव्हते. मी सिस्टरना फोन लावला. मागं सनई वाजत होती.

“सिरिंजचं टोपण कुठल्या रंगाचं हाय?” त्यांनी विचारलं.

“लाल.”

पलीकडून अगदी सावकाश आवाज आला. “घरात मध हाय का? बोटावर घे, हिरड्यांना चोळ. तोंडात ओतू नको, श्वासात जाईल. आणि तशीच रिक्षा करून डॉक्टरकडं नीघ. रडायचं मागनं.”

रिक्षात माझं बोट त्याच्या तोंडात होतं, आणि तो चावतसुद्धा नव्हता. डॉक्टरांनी सलाईनमधून ग्लुकोज लावलं. लाल टोपणाची सिरिंज वेगळ्या, पातळ इन्सुलिनसाठी असते, आमचं त्याच्या अडीचपट तीव्र. रेघ तीच, पण दोनच्या जागी पाच युनिट गेलं होतं. संध्याकाळी भुऱ्यानं मान उचलली तेव्हा सिस्टर बार्शीहून एसटीनं थेट दवाखान्यात पोचल्या होत्या, लग्नाच्याच साडीत. मला वाटलं, आता बोलतील. त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “मी नवीन असताना एका म्हाताऱ्याला इन्सुलिन दिलं. त्याचं जेवणाचं ताट आलंच नव्हतं. मी विचारलंच न्हाय. घामानं भिजून बेशुद्ध झाला. वाचला, पण तवापासनं सुई हातात घेतली की मला भ्या वाटतंय.”

“तुम्हाला?”

“लई. खिडकीकडं बघते ते काय उगं? मनात विचारते, खाल्लं का, आधी दिलं का, बाटली कुठली, सिरिंज कुठली. भ्या असू दे सुजाता. भ्या गेलं की माणूस अंदाजानं औषध देतंय.”

म्हणून सिस्टर गेल्या त्या दिवशी शाळेतून धावत आले तेव्हा मी आधी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. बाहेरच्या खोलीत सिस्टरना ठेवलं होतं, मंद्रूपहून भाऊ निघाले होते, बायका त्रिशरण म्हणत होत्या. भुऱ्या ओट्याखाली अंग चोरून बसला होता. त्याची वाटी रिकामी, म्हणजे खाऊन झालेलं. सुई दिली की नाही, ते सांगणारं कुणीच नव्हतं. वापरलेल्या सुयांच्या डब्यात पन्नास सुया, त्यातली आजची कुठली? बाटली हातात घेतली, परत ठेवली. शंका असेल तर द्यायचं नाही, एक डोस चुकला तर निभतं, दुप्पट गेला तर जीव जातो, हे त्यांनीच मला कितीदा बजावलं होतं. डॉक्टरांना फोन केला, तेही तेच म्हणाले. दर दोन तासांनी त्याच्या कानाला बारीक टोचून साखर बघत राहिले. दुपारी चारशेच्या वर होती, म्हणजे बहुधा दिलं नव्हतं. बहुधा… सिस्टरना नेलं तेव्हा मी जिन्यापर्यंतच गेले. संध्याकाळी ठरल्या वेळी, त्यानं चार घास खाल्ल्यावर, पुन्हा डॉक्टरांना विचारून सुई दिली. सिस्टरना नीट निरोप द्यायचा राहून गेला, तो राहिलाच.

आता भुऱ्या माझ्याकडं असतो. पहिले काही दिवस तो धड जेवला नाही, साखर चढत गेली. मला वाटायचं, टाकावं एक युनिट वाढवून. डॉक्टर म्हणाले, “मनानं काही करू नका. तो नीट जेवायला लागू द्या, मग अर्धाच युनिट वाढवू, आणि आठवडाभर तेवढंच ठेवायचं.” अर्धा युनिट म्हणजे दोन रेघांच्या मधली एक बारीक रेघ. ती वाढवली त्या दिवशी मी रजा घेतली. सकाळपासून दर दोन तासांनी त्याचा कान, माझा चष्मा, मीटरवरचा आकडा. दुपारी एकला आकडा बराच खाली आला आणि मी मध जवळ घेतला. त्याला हाक मारली. त्यानं डोळे उघडले, जांभई दिली, सरळ पायांनी चालत वाटीपाशी गेला. तीनला आकडा पुन्हा वर सरकला. मी फरशीवर बसून सिस्टर गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणानं रडले.

परवा बाटली संपायच्या आधीच बदलावी लागली, उघडल्यापासून चार आठवडे झाले होते, त्यानंतर औषधाचा भरवसा नसतो. तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा होता आणि त्यावर उघडल्याची तारीख, सिस्टरच्या गोल, सुबक अक्षरात. तळाशी अजून औषध होतं. ठेवून द्यावीशी वाटली, पण फ्रिजमध्ये दोन बाटल्या नकोत, घाईत चुकीची हाताला लागते. पट्टी अलगद सोडवून फ्रिजच्या दारावर चिकटवली, जुनी बाटली टाकायला वेगळी काढली. मग नवीन बाटली उघडली आणि तिच्यावर माझ्या अक्षरात तारीख लिहिली. जरा वेडीवाकडी आली, पण वाचता येते.