मार्गासनीच्या वळणावरचा मैलोबा

आधीच सांगतो, भुतंखेतं राहू द्या, मी माणसांवरसुद्धा पटकन विश्वास ठेवत नाही. पेट्रोल भरताना पंपाच्या आकड्यावरची नजर काढत नाही, दूधवाल्यादेखत दुधात बोट बुडवून बघतो. माझी बायको सुनंदा म्हणते, "तुम्ही पोलिसात जायचे, चुकून जेसीबी घेऊन बसलात." तर असल्या माणसाचा हा अनुभव आहे. पटला तर बघा.

रस्ता आपला नेहमीचाच. सातारा हायवे चेलाडी फाट्यावर सोडायचा आणि नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याला पोचायचं – आता राजगड तालुका म्हणायचं! चहाला थांबलं नाही तर तासही लागत नाही, पण कागदावर राज्यमार्ग. संस्थानाच्या काळात बैलगाडीची वाट होती म्हणतात, मग खडी पडली, मग डांबर. आणि मग आलं रुंदीकरण. मार्गासनीच्या पुढची वळणं काढून रस्ता सरळ करायचं काम माझ्या जेसीबीला मिळालं.

त्यातल्या एका वळणावर मैलोबा होता. मैलोबा म्हणजे काय, तर मैलाचा दगड! कधीकाळी कुणीतरी शेंदूर फासला, अक्षरं बुजली आणि सरकारी दगडाचा देव झाला. खोऱ्यातून कुणी मोठ्या कामाला बाहेर पडलं की जाताना त्याला हळद लावायची, सुखरूप परत आलं की नारळ. माझी सासुरवाडी तिथलीच. लग्नात मलाही त्याच्या पाया पडायला लावलं होतं. दगडाच्या! मनातून हसलो, पण पडलो.

वळण फोडलं त्या दिवशी मी डिझेल आणायला नसरापूरला गेलो होतो. परत येतो तर दगड गायब. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, नीट बाजूला काढून ठेवला होता की." मग गेला कुठं? माझा पहिला संशय फार्महाऊसवाल्यांवर – जुना दगड दिसला की यांना तो बागेत हवा असतो. दुसरा मेहुण्यावर, बबनवर. त्याला देऊळ बांधून पुढारी व्हायची फार हौस.

"दाजी, आईच्यान, म्या हात न्हाई लावला," तो म्हणाला. आता शपथ घेणाऱ्यावर तर मी मुळीच विश्वास ठेवत नाही.

इथपर्यंत ठीक होतं हो. पण सासूबाईंचा (मी त्यांना मामी म्हणतो) एक डोळा आधीच गेलेला आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पार पिकलेला. भोरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आता उशीर केलात तर हाही जाईल. आणि मामी हटून बसल्या!

"मैलोबाला हळद लावल्याबिगर म्या दवाखान्याची पायरी चढायची न्हाई. आंधळी झाले तर झाले."

सुनंदा रडकुंडीला आली. माझं तर डोकंच फिरलं. एका दगडापायी म्हातारी डोळा घालवणार?

मग मी शक्कल लढवली. दगडांच्या ढिगातून तसाच एक निवडला, शेंदूर फासला, मामींना हाताला धरून नेलं. त्यांनी दगडावरून हात फिरवला आणि खुदकन हसल्या. "जावईबापू, सासूला फसवताय व्हय? ह्यो मैलोबा न्हाई."

बबननेच आधी चुगली केली असणार, दुसरं काय!

शेवटी "नुसतं डॉक्टरांशी बोलून येऊ" असं म्हणत सुनंदाने आईला कसंबसं गाडीत बसवलं. भर दुपार, काचा बंद, एसी चालू. मी चालवत होतो, दोघी मागे. नवा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना नुसता मुरूम, खूण म्हणावी असं काही नाही. मार्गासनी जवळ आली आणि मागून आवाज आला...

"थांबवा. हितं हाय."

मी थांबवली. मामी उतरल्या, कनवटीची हळदीची पुडी काढली आणि भरावाच्या कडेला वाकून मातीलाच हळद लावली. मग म्हणाल्या, "चला आता भोरला." निमूटपणे ऑपरेशन करून घेतलं. डोळा वाचला! मी म्हटलं, म्हातारीने हट्ट सोडायला स्वतःच वाट काढली. हुशार बाई आहे.

काही आठवड्यांनी पाण्याचा पाइप टाकायला नेमका तिथंच चर खोदायचा निघाला. मी समोर उभा होतो. बकेट कशावर तरी खणकली. रोलरने दाबलेल्या भरावाखाली, आडवा, शेंदूर तसाच – मैलोबा. जुन्या वळणापासून चांगला लांब. मातीबरोबर डंपरमधून आला असेल, एवढं मी समजू शकतो. पण तो तिथं आहे हे कोणाला माहीत? ऑपरेटर, डंपरवाला, बबन, एकेकाला फैलावर घेतलं. सगळे माझ्याइतकेच चक्रावलेले.

मग उरल्या मामी. नवा चष्मा लावून अंगणात पावटे सोलत बसल्या होत्या, शेजारी सुनंदा. मी सरळच विचारलं, "मामी, खरं सांगा. त्या दिवशी गाडी तिथंच थांबवायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

त्यांनी मान वर केली. "म्या? म्या कुठं थांबवा म्हनलं? मला तर डुलकी लागली व्हती. तुमीच गाडी थांबवली, दार उघाडलं आन् म्हनलात, मामी, उतरा, हितं हाय."

मी हसलो. सुनंदाकडे बघितलं. ती हसत नव्हती.

"अहो, असं काय करताय? तुम्हीच म्हणालात की. मला वाटलं, आईची समजूत काढायला तुम्हाला काहीतरी सुचलं. बरं वाटलं मला."

दोघी मिळून मला बनवतायत, हा संशय मी अजून सोडलेला नाही. पण आईच्या डोळ्यांच्या बाबतीत सुनंदा खोटं बोलणार नाही, हेही मला माहीत आहे. आवाज मागून आला होता, एवढं अगदी स्पष्ट आठवतं. तो कोणाचा होता, हे आठवायला गेलो की... नाही सांगता येत.

रस्ता आता झकास झालाय. पण मार्गासनी आली की मी गाडी कडेला घेतो आणि स्टेअरिंग सुनंदाच्या हातात देतो. तिने एकदा विचारलं, "का हो?" म्हटलं, झोप येते. मग मागच्या सीटवर बसतो आणि सासुरवाडी येईपर्यंत तोंड घट्ट मिटून ठेवतो.