तळ्याच्या तळाशी पार्टी

ग्रेचेन प्रॉकनाव या बाईला कामाला लावावं लागत नसे, कामापासून ओढून काढावं लागे. लेक लिनेया बालवर्गात गेली त्या वर्षी पालक मंडळाच्या बैठकीत विचारणा झाली, की मुलांची वसंतातली पार्टी कोण बघणार? बाकीच्या आया एकदम आपापल्या कॉफीच्या कपात काहीतरी शोधू लागल्या आणि ग्रेचेनने हात वर केला. तो हात पुढे कधी खाली आलाच नाही.

दिवसभर ती तळ्याकाठच्या दुकानात बोटींची आवरणं शिवायची. घरी आली की गॅरेजमध्ये पार्टीचा संसार मांडायची. एका वर्षी तिने शाळेच्या हॉलमध्ये रेल्वे स्टेशन उभं केलं. एका वर्षी चंद्र केला आणि चंद्रावरची धूळ म्हणून इतकं पीठ पसरलं, की शाळेचा सफाईवाला उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत तिच्याशी बोलला नाही. तिचा नवरा डेल गाडी बाहेर बर्फात लावायचा आणि त्याबद्दलची तक्रार फक्त कुत्र्याकडे करायचा. गावात कुणी नवीन आलं की आम्हीच कौतुकाने सांगायचो, लिनेया ना, ती पार्टीवाल्या बाईची मुलगी.

यंदा लिनेया पाचवीत होती. पाचवी झाली की मुलं मोठ्या शाळेत जातात, तेव्हा ही तिची आणि ग्रेचेनचीही इथली शेवटची पार्टी. पॅटी म्हणजे ग्रेचेनची जुनी मैत्रीण आणि मंडळातली भरवशाची बाई. ती म्हणाली, 'समुद्राखाली' ठेवू, सजावट दुकानात तयार मिळते. ग्रेचेनने नाक मुरडलं. समुद्र इथे विस्कॉन्सिनमध्ये कुणाच्या बापाने पाहिलाय, आपलं तळं काय वाईट आहे, असं तिचं म्हणणं पडलं.

झालं. हॉलचं छत म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आणि मुलं तळ्याच्या तळाशी, असा बेत ठरला. छताला खऱ्या होड्या टांगायच्या, खालून दिसतात तशा. जुन्या जीनमध्ये वर्तमानपत्रं कोंबून पोहणाऱ्यांचे लोंबते पाय करायचे. गळाला खाऊ लावून वरून सोडायचा आणि मुलांनी हात न लावता तो तोंडाने पकडायचा. आणि या सगळ्याचा राजा म्हणजे एक भला थोरला मस्की, आमच्या तळ्यातला सगळ्यात मोठा शिकारी मासा. ज्या मस्कीच्या नावाने आमचे बाप्ये हिवाळाभर थापा मारतात, तो मासा आत माणूस घालून हॉलभर नाचणार होता.

एका संध्याकाळी मायलेकी गॅरेजमध्ये त्या पायांत कागद कोंबत बसल्या होत्या.

"आई, एक सांगू? रागावायचं नाही."

"बोल की."

"पार्टी तूच कर. पण तू येऊ नकोस."

ग्रेचेनच्या हातातला पाय तसाच राहिला. लिनेया खाली मान घालून भराभर बोलत सुटली. आई आली की लिनेयाच्या मैत्रिणींच्या कॉलरी नीट करते, फोटोत सगळ्यांना ताठ उभं करते, आणि मग दिवसभर सगळे तिला पार्टीवालीची मुलगी म्हणतात. एकदा तरी तिला नुसतं लिनेया म्हणून जायचं होतं.

"बरं," ग्रेचेन म्हणाली. "नाही दिसणार मी तुला तिथे."

हे ती हसत बोलली खरी, पण तिला फार लागलं. इतकी वर्षं जिच्यासाठी राबली तिनेच दार लावलं होतं. तिला पार्टी करायची होतीच, पण त्याहून जास्त तिला लेकीला त्या पार्टीत हसताना बघायचं होतं. ते तिने कुणालाच सांगितलं नाही. दिलेला शब्द मात्र पाळायचा, हे तिने ठरवलं.

पार्टीच्या दुपारी ती हॉलच्या मागच्या दारापाशी बर्फाच्या पिशव्या सांभाळत उभी राहिली. माशात पॅटी शिरणार होती. शिरलीही. पण चेन लावली मात्र, आतून किंकाळी आली आणि पॅटी पांढरीफटक होऊन बाहेर पडली.

"अगं, हा मासा आहे की शवपेटी? मला जीव प्यारा आहे बाई."

चूक ग्रेचेनची होती. मासा तिने दुकानातल्या उरलेल्या कापडाचा शिवला होता. बोटीच्या कापडातून पाणी आत येत नाही, तशी हवाही येत नाही. आत हॉलमध्ये मुलं टाळ्या वाजवून मस्कीला बोलवत होती. ग्रेचेनने एखाद्या वकिलासारखा मनाशी युक्तिवाद केला. दिसणार नाही असं म्हटलं होतं. माशात कोण दिसतंय? तिने दीर्घ श्वास घेतला आणि शिरली.

कल्ल्यांच्या फटीतून तिला जेवढं दिसलं तेवढ्यानेच तिचं पोट भरलं. लिनेया गळाला लावलेला डोनट पकडताना नाकावर साखर घेऊन खदखदा हसत होती. नवीन आलेल्या एका बुजऱ्या मुलीला तिने हाताला धरून नाचात ओढलं. घरी स्वतःचे मोजे न सापडणारी ही पोर इथे सगळ्यांना सांभाळून घेत होती. ग्रेचेनला रडू आलं, आणि घामात ते कुणाला कळण्यासारखंही नव्हतं. नाचता नाचता मासा वाकला आणि पराने त्याने जमिनीवरचा एक कागदी पेला उचलला. मग दुसरा. मग टेबलावरचं कापड सरळ केलं.

मुलांत पैजा सुरू झाल्या. कुणी म्हणालं खेळाचे सर, कुणी म्हणालं खुद्द मुख्याध्यापिका. मग कुणीतरी शेपूट ओढली, दुसऱ्याने चेन. ग्रेचेनने आतून चेन घट्ट धरून ठेवली. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पण बाहेर पडायचं म्हणजे लेकीला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं.

"सोडा तिला," लिनेयाचा आवाज आला. "आत माझी आई आहे."

"कशावरून?" एकाने विचारलं.

"नाचता नाचता पेले उचलणारा मासा पाहिलायस कधी?"

मुलं हसली. लिनेयाने स्वतः चेन खाली ओढली. ग्रेचेनचं लालबुंद डोकं बाहेर आलं, केस कपाळाला चिकटलेले. तिने आधी घटाघटा हवा गिळली, मग घाईघाईने म्हणाली, "पॅटीला जमलं नाही गं. मी जातेच आहे."

लिनेयाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग कपाळावरचे केस बाजूला करून दिले, अगदी ग्रेचेन इतरांच्या कॉलरी सारख्या करते तसे.

"आलीच आहेस तर थांब," ती म्हणाली. "पण पेल्यांना हात लावायचा नाही. माझ्याबरोबर नाचायचं."

ग्रेचेन थांबली. कमरेखाली मासा आणि वर आई, अशी ती लेकीचा हात धरून नाचली. पायाखाली पेले चुरगळत होते आणि हॉलमध्ये मदतीला असलेल्या आम्हा आयांपैकी कुणीही ते उचलायला गेलं नाही.