रेंज टाकीवर, सिलिंडर टेंपोत

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं. बोलतेय मी, लिहितेय नात, कारण अक्षरांशी माझी कधी ओळखच झाली नाय.

सकाळी गॅसचा टेंपो आला. सिलिंडरवाला म्हणाला, "आजी, फोनवर नंबर येईल तो सांगा. त्याबिगर सिलिंडर देता येत नाय."

आमच्या गावात रेंज फक्त वरच्या पाण्याच्या टाकीपाशी. गुडघे धरत चढले. फोन टिंग वाजला, तशी खूश होऊन खाली आले.

त्याने मेसेज वाचला आणि हसायलाच लागला. "आजी, हा तो नंबर नाय. उद्या रिचार्ज संपतोय, पैसे भरा, असं फोनची कंपनी सांगतेय."

"पैसे मागायला बरी रेंज मिळते रं त्यांना!"

"चाळीस घरांसाठी टॉवर कोण लावणार, आजी? परवडत नाय त्यांना."

"आणि मला परवडतं? तिकडं टॉवरजवळच्या भिसेगावातली माझी लेक भरते तेवढेच पैसे मी भरते. ती पलंगावर लोळत बोलते, मी टाकी चढते!"

पुन्हा चढायचं पायांत बळ नव्हतं. त्याला पुढची गावं होती. सिलिंडर परत गेला, मी चूल पेटवली.

नात म्हणते, गावातल्या टॉवरचा खर्च शहरवाल्यांनी थोडा थोडा उचलावा. शेजारीण म्हणते, सरकारने. कुणीही उचला बायांनो! पण तोवर अर्ध्या रेंजचे पूर्ण पैसे माझ्याकडून का घेता? सांगा, यात माझं काय चुकतंय?