दाजी आणि वाऱ्याचं मॉडेल

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी दाजी वारले.

ते माझ्या ताईचे यजमान, कॉलेजात गणित शिकवायचे. वाऱ्याचं इतकं ऐकणारा आणि माणसांचं मुळीच न ऐकणारा माणूस आमच्या शहरात दुसरा झाला नसेल. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी कुणीही आलं की पाणी विचारायच्या आधी दाजी विचारत, "तुमच्याकडं सकाळी धूर कुणीकडं चालला होता?" पाहुणा वैजापूरहून आलेला असो की दवाखान्यातून, उत्तर दिल्याशिवाय त्याला चहा मिळत नसे. लग्नात ते पंगतीला बसत ते आचाऱ्याच्या भट्टीकडं तोंड करून, आणि जेवण रंगात आलं की ताट उचलून उभे राहत. "उठा, धूर इकडं वळतोय." कुणी उठत नसे. थोड्या वेळानं सगळी पंगत खोकू लागली की दाजी लांब उभे राहून, एकटेच, समाधानानं बुंदी खात.

शहरातला धूर आणि धूळ कोणत्या वेळी कुठं जाऊन बसेल, हे आधी सांगणारं मॉडेल त्यांनी घरच्या संगणकावर तयार केलं होतं. ते खरं की खोटं हे तपासायला यंत्रं लागतात, ती नव्हती. म्हणून दाजींनी गल्लीतली वाळवणं धरली. उन्हाळ्यात बायका गच्चीवर कुरडया, शेवया घालत. त्या कुठं घालायच्या हे दाजी सांगत आणि संध्याकाळी भिंग घेऊन त्यांच्यावरची धूळ बघत. एकदा अंदाज साफ हुकला. शेजारच्या खालांच्या शेवया मातकट झाल्या. खाला परात घेऊनच दारात आल्या. "प्रोफेसर साब, तुमारे कंप्यूटर कू बोलो, अब ये सेवयां उसी कूच खाना पडेंगा." दाजींनी परात ठेवून घेतली आणि आनंदानं ओरडले, "चूक सापडली! खोदलेल्या रस्त्याची धूळ आपण धरलीच नाय!" त्या शेवया पुढं कितीतरी दिवस ते दुधात घालून खात होते. दाताखालची कचकच ताईला स्वयंपाकघरात ऐकू यायची.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. चिकलठाण्याच्या कारखान्यांपलीकडं नव्या वसाहतीचा आराखडा होत होता, आणि हिवाळ्यात पहाटे नेमका तिथंच धूर साचून राहतो, असं मॉडेल सांगत होतं. दाजी नकाशे घेऊन कार्यालयात गेले. तिथले साहेब म्हणाले, "सर, घरच्या कंप्युटरवरून वसाहत हलत नाय. मोजून दाखवा, मग बघू." मोजायचं तर यंत्रं हवीत, आणि यंत्रांसाठी संशोधनाचा निधी. दाजींनी अर्ज लिहिला. त्याचं पहिलंच प्रकरण होतं, 'हे मॉडेल कुठं चुकतं'. त्यात शेवयासुद्धा होत्या.

"दाजी, चुका शेवटी टाका," मी म्हणालो.

"शेवटपर्यंत कोण वाचतंय रे?"

"म्हणूनच म्हणतोय."

"मी काय सोयरीक जमवायला चाललोय व्हय, झाकून ठेवायला? तिथं लेकरं राहणारेत."

निधी देणाऱ्या समितीसमोर शेवयांवर सगळे हसले, हे त्यांनीच मला सांगितलं. मग एकानं विचारलं, "तुमच्या मॉडेलनं धूळ किती कमी होईल?"

"मॉडेलनं काहीच कमी होत नाही," दाजी म्हणाले. "ती कुठं जाते तेवढं ते सांगतं. कमी आपण करायची."

निधी मिळाला नाही. दाजी पुन्हा अर्ज लिहायला बसले. पहिलं प्रकरण तेच ठेवलं, फक्त नव्यानं सापडलेल्या चुका त्यात वाढवल्या. तो अर्ज अर्धा असतानाच त्यांचं हृदय थांबलं.

वसाहत ठरली तिथंच झाली. या थंडीत लोक राहायला आले. बाल्कन्यांमधून लहान मुलांचे कपडे वाळत घातलेले रस्त्यावरून दिसतात.

ताई अजून सकाळी दाजींचा संगणक लावते. शहराच्या नकाशावरून वाऱ्याचे निळे बाण सावकाश सरकत जातात आणि चिकलठाण्यापलीकडं जाऊन थांबतात. तो वारा दाजी होते तेव्हाचा आहे. नवा वारा त्यात भरू शकेल, असं आमच्या घरात आता कुणी नाही.