बोटीचा चार्जर आणि पंपावरचा काटा

तो पेरू मला अजून आठवतो. हिरवट, जरा कडक... माझ्या नवऱ्याने, सुहासने, खिशातल्या चाकूने त्याच्या चार फोडी केल्या होत्या. आम्ही दोघं उजनीच्या काठावर, पंपघराच्या पायरीवर बसून लाइट यायची वाट बघत होतो. लाइट आल्याशिवाय बोटीच्या बॅटऱ्या चार्ज होणार नव्हत्या.

लाइट आली. काठावरचे सगळे पंप एकदम सुरू झाले, आणि स्टार्टरच्या पेटीवरचा व्होल्टेजचा काटा सर्रकन खाली आला. मी म्हटलं, "अरे, काटा बघ ना." सुहास हसला. "तू पक्षी बघ," म्हणाला, आणि सगळ्यात मोठी फोड माझ्या हातात ठेवली.

सुहासला जाऊन आता तीन हिवाळे झाले. हे सगळं आठवलं ते परवा बारामतीच्या एका दुकानात... आणि अजून माझं डोकं शांत झालेलं नाही.

आमची बोट म्हणजे चार माणसांची साधी फायबरची होडी. ती इंदापूरच्या बाजूला काठावर असते आणि किसनतात्या ती सांभाळतात. सत्तरी ओलांडलेले भोई, जन्म पाण्यावर गेलेला. मोटर बॅटरीवरची आहे, कारण इंजिनाचा आवाज झाला की रोहित पक्षी उडून जातात.

गेल्या महिन्यात मी आणि माझी नणंद शैलाताई अगदी मधोमध असताना मोटर बंद पडली. बॅटऱ्या नव्या, वर्षही झालं नव्हतं! तात्यांनी वल्ही मारत काठाला आणलं. माझ्या मुलाला, निखिलला, हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई, आणखी एकदा असं झालं तर बोट विकायची. विषय संपला."

विषय संपला म्हणे! ज्या बोटीत याने पहिल्यांदा लाइफ जॅकेट घातलं, तिचा विषय असा फोनवर संपतो?

मी वही घेतली आणि एक पूर्ण दिवस पंपघराच्या पायरीवर जाऊन बसले. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या फिजिक्सच्या सिस्टर रीडिंग नसलेली जर्नल सही न करता परत करायच्या... ती सवय अंगात आहे. आमचा चार्जर पंपाच्याच लाइनवर आहे. दर अर्ध्या तासाला काटा बघितला, लिहून ठेवला.

काठावरच्या प्रत्येक पंपाला ऑटो बसवलेला आहे. लाइट आली की पंप आपोआप चालू, शेतकऱ्याला चालत यायला नको. त्यामुळे सगळे पंप एकाच क्षणी वीज ओढायला लागतात. चारशेच्या पुढे असायला हवा तो काटा तीनशेवर येऊन बसतो. पंप तीन फेजवर चालतात, चार्जर एकाच फेजवर. हिशोब केला, म्हणजे आमच्या चार्जरच्या वाट्याला दोनशेतीसऐवजी येतात जेमतेम एकशेसत्तर व्होल्ट. चार्जरचा हिरवा दिवा मात्र लागतो. आम्ही इतकी वर्षं समजत होतो, हिरवा म्हणजे बॅटरी भरली. तो फक्त लाइट आली एवढंच सांगत होता! बॅटऱ्या अर्ध्याच भरत होत्या, आणि त्यानेच लवकर खराब होत होत्या.

वही घेऊन दुकानात गेले, तात्या सोबत होते. मला तीन गोष्टी हव्या होत्या. कमी व्होल्टेजवर चालणारा, पाण्याने न बिघडणारा, आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या भरून आपणहून थांबणारा, बोटीतच कायमचा बसवायचा चार्जर. दुकानदाराने वहीकडे बघितलंही नाही. माझ्या मागे उभ्या तात्यांना म्हणाला, "आबा, हा मोठा न्या. ट्रॅक्टरला चालतो, होडीला काय धाड भरली?"

आणि तात्या? "व्हय बाई, मोठाच घ्या. पुतन्याचा ट्रॅक्टर बी ह्याच्यावरच भरतुया."

मी म्हटलं, "एकशेसत्तर व्होल्टवर हा किती भरेल, तेवढं सांगा." दुकानदार हसला. "मॅडम, साहेबांनीसुद्धा हाच नेला होता. कधी तक्रार नाही. तुम्ही पक्षी बघा, आमचं काम आम्हाला करू द्या."

तुम्ही पक्षी बघा...

अंगाची आग झाली. आणि काउंटरपाशी उभी असतानाच कळलं, हा राग एकट्या त्या माणसावरचा नाहीच. सुहास दर दीड वर्षाने बॅटऱ्या बदलायचा आणि बॅटरी कंपनीला शिव्या घालायचा. मी काटा दाखवला होता रे तुला... पेरूची फोड देऊन गप्प केलंस, आणि मीही गप्प बसले.

या वेळी बसले नाही. खालच्या फळीवर धुळीत पडलेला एक छोटा खोका मीच काढला आणि त्यावरचं बारीक अक्षर मोठ्याने वाचून दाखवलं. शंभर व्होल्टपासून पुढे चालतो, वॉटरप्रूफ, दोन बॅटऱ्या. हाच द्या, म्हटलं.

परत येताना तात्या हळूच म्हणाले, "काट्याचं खरं हाय बाई. मला बी ठावं हुतं. पर मला कुणी कधी इचारलंच न्हाय." तेव्हा मात्र माझी मान खाली गेली. मी तरी कुठे विचारलं होतं?

काल सकाळी शैलाताईंना घेऊन पार पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आलो. रोहितांचा थवा मान वर न करता चरत राहिला. वल्ह्यांना हात लागला नाही.

आता घरच्यांनी नीट वाचा, काय कुणाला द्यायचं ते. जुना मोठा चार्जर तात्यांच्या पुतण्याला, ट्रॅक्टरसाठी. बोटीला परत जोडायचा नाही. दुर्बीण शैलाताईंना. रीडिंगची वही निखिलला, आणि ती त्याने वाचायची आहे, नुसती ठेवायची नाही. सुहासचा चाकू माझ्याकडे राहील. बोट माझ्यानंतर तात्यांची... आणि तिच्याबद्दल काहीही ठरवायचं असेल, तर आधी त्यांना विचारायचं.