पापुद्रेबाईंची भिंत

पापुद्रेबाईंनी आयुष्यात तीन पुरुषांची हाडं मोडली, आणि तिन्ही वेळा उशीर केला, असं त्या स्वतःच सांगतात. पहिला बाप. तो लेथवर काम करायचा आणि घरी आला की कमरेचा पट्टा काढायचा. एकोणिसाव्या वर्षी बाईंनी त्याच्याच पेटीतला पाना त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आईला स्वयंपाकघरात ऐकू गेला. दुसरा नवरा. त्याने बाईंचा जबडा डावीकडून फोडला. तो पुढे नीट जुळलाच नाही, त्यामुळे बाई हसल्या तरी भांडायला निघाल्यासारख्या दिसायच्या. त्याचं नाक मोडून त्यांनी घर सोडलं, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायला लागल्या आणि तिथून आमच्या संशोधन संस्थेत आल्या. तिसऱ्याची गोष्ट मी सांगते, कारण तिच्यात मीही आहे, आणि माझी बाजू काही चांगली नाही.

आमच्या खोलीत एक मोठा सूक्ष्मदर्शक होता. माशाचं नखाएवढंही नसलेलं, काचेसारखं आरपार दिसणारं पिल्लू जेलीत रोवून पाण्यात लोंबकळवायचं. त्याच्या मज्जातंतूंना असा रंग दिलेला असे की लेसर पडला की ते चमकत. हा लेसर बाजूने, पातळ पापुद्र्यासारखा आत सोडायचा. तेवढाच थर उजळतो आणि काटकोनात बसवलेला कॅमेरा त्याचा फोटो घेतो. मग पिल्लू जरा सरकवायचं आणि पुढचा थर. पापुद्रा जितका पातळ तितकं चित्र स्पष्ट. तो पातळ करणं हे बाईंचं काम, म्हणून हे नाव. मी कॉम्प्युटरवर बसून थर जोडायचे.

आमच्या प्रमुख सरांना एकमेकांशेजारून धावणारे दोन तंतू वेगवेगळे दिसायला हवे होते. आमच्या चित्रात ते एकच जाड दोरी दिसत. घोळ असा की पापुद्रा मध्यभागीच पातळ असतो, दोन्ही टोकांना जाड होत जातो. बाईंनी मार्ग काढला. फक्त मधला भाग वापरायचा, तो थोडा थोडा सरकवायचा आणि प्रत्येक थराचा फोटो अरुंद पट्ट्यांत घ्यायचा. त्यासाठी तीन आठवडे त्या आरसे केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसल्या. "बाई, तुम्हाला जमेल ना हे?" असं एका विक्रेत्याने विचारलं, तेव्हा आरशाची लोखंडी बैठक त्याच्या कानाजवळून सणसणत गेली. तो माणूस पुन्हा आमच्या मजल्यावर फिरकला नाही.

पट्ट्या सुरेख यायच्या, फक्त मधूनच काही फरकटलेल्या, धूसर निघायच्या. मी शहाणपणा केला. फरकटलेली पट्टी आपोआप ओळखून बाजूला टाकणारा आणि तिच्या जागी नवी घेणारा प्रोग्रॅम लिहिला. चार महिने तो चालू होता. पण नवी पट्टी घेईपर्यंत पिल्लू वाढलेलं असायचं, जोड बसायचा नाही आणि तंतू पुन्हा एक दिसायचे. शेवटी बाईंनी टाकाऊ पट्ट्या उघडायला लावल्या. चारशे बारा निघाल्या.

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"खराब होत्या, बाई."

"का खराब होत्या?"

 त्यांनी मला एक शिवी दिली, ती इथे लिहिता येणार नाही. मग पट्ट्यांच्या वेळा काढल्या. जवळजवळ सगळ्या दुपारी दीड ते दोनमधल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावर पसरट थाळीत पाणी ठेवलं आणि त्यावर लहान लेसर मारून त्याचा ठिपका छतावर पाडला. टेबल जरा हललं की पाणी हलणार आणि ठिपका नाचणार. एक वाजून चाळीस मिनिटांनी तो नाचला. तीनदा. थांबला. एकदा. बराच वेळ काहीच नाही. मग चारदा, छतभर.

"पंप असेल," मी म्हटलं.

"पंप एका तालात मारतो. हा मारतो, थांबतो, काहीतरी बोलतो, मग मारतो." बाईंचा हात जबड्यावर गेला होता. "माणूस आहे हा."

आमच्या खोलीत लेसर थंड ठेवणारे पंखे दिवसभर घोंघावत, त्यामुळे कानाला काहीच कळत नसे. पण टेबल भिंतीत ठोकलेल्या लोखंडी पट्ट्यांवर बसवलेलं होतं, आणि भिंतीपलीकडे कर्मचाऱ्यांची घरं. लगतचं घर आमच्या भांडारप्रमुखाचं. नाकासमोर चालणारा, सगळ्यांना ताई-दादा करणारा माणूस. दीडला जेवायला घरी जायचा. त्याच्या बायकोला आम्ही कपडे वाळत घालताना पाहिलेलं, तेही मान खाली घातलेली.

बाई वेळांचा कागद घेऊन सरांकडे गेल्या. सरांनी तो वाचला, घडी घातली.

"त्यांच्या घरातलं आहे हो. आपण कशाला मध्ये पडायचं? टेबलासाठी हवेच्या उशांचे पाय मागवलेत, सोमवारी येतील. मग हादरे येणारच नाहीत."

"टेबलाला येणार नाहीत," बाई म्हणाल्या.

मी सोमवारची तारीख वहीत टिपून घेतली. बाईंनी तिथूनच पोलिसांना फोन लावला. शिपाई आला, बायकोने दाराआडूनच मोरीत घसरल्याचं सांगितलं, तो गेला. दुसऱ्या दिवशी ठिपका नऊ वेळा उडाला.

"माझ्या फोनमुळे," बाई म्हणाल्या. "पोरी, ही बाई मरणार. नवे पाय बसतील, आपलं चित्र छान येईल आणि पलीकडे ती मरेल."

शुक्रवारी ठिपका उडायला लागला तो थांबेचना. बाईंनी टेबलाचे बोल्ट आवळायचा मोठा पाना उचलला. मी मागे धावले.

भांडारप्रमुखाच्या दाराची कडी दोन घावांत तुटली. आत त्याने बायकोचे केस मुठीत धरले होते आणि तो तिचं डोकं भिंतीवर आपटत होता. चार महिने आमचं टेबल हादरत होतं ते या डोक्याने. तिथला गिलावा वाटीएवढा खचला होता आणि काळपट लाल झाला होता.

"ताई, घरगुती बाब आहे," तो म्हणाला. खरंच, ताई म्हणाला.

पाना त्याच्या कोपरावर बसला. हात भलतीकडे वळला आणि मुठीतून केस सुटले. तो ओरडत बाईंवर धावला, पोटात लाथ घातली, त्या खाली पडल्या. चांगल्या हाताने त्याने खुर्ची उचलून त्यांच्या पाठीवर मोडली.  मी उंबऱ्यात उभी. बाईंनी पडल्या पडल्या पाना फिरवला. त्याचा गुडघा फुटला. तो कोसळला, आणि मग बाई त्याच्या छातीवर बसून मारत राहिल्या. फासळ्या मोडल्याचं मला ऐकू आलं. मी त्यांना ओढायला हवं होतं. मी ओढलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

तो जगला. बाई तुरुंगात गेल्या. खटला चालू आहे, नोकरी गेली. सोमवारी ठरल्याप्रमाणे नवे पाय बसले. बुधवारी चित्रात दोन तंतू वेगळे दिसले, मधली काळी रेघ अगदी स्पष्ट. सरांनी सगळ्यांना बोलावून ते दाखवलं आणि माझी पाठ थोपटली. 

संध्याकाळी मी भांडारप्रमुखाच्या बायकोला भेटायला दवाखान्यात गेले. कवटीला तडा गेला होता, एका कानाने ऐकू येत नव्हतं. मी तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले आणि पलीकडच्या खोलीत काम करते असं सांगितलं. 

"तुम्हाला कधीपासून कळत होतं?"

खोटं बोलायचं ठरवूनच मी गेले होते. तोंडातून मात्र खरं तेच निघालं.

"चार महिन्यांपासून. पण मी समजून घेतलं नाही."

"तो कामावर गेला की मी भिंत ठोकायचे," ती म्हणाली. "हाताने, हळू. कुणीतरी परत ठोकेल म्हणून. कधीच कुणी ठोकलं नाही, म्हणून मला वाटलं, पलीकडे रिकामी खोली असेल."

"रिकामी नव्हती," मी म्हटलं. "आम्ही दोघी रोज तिथेच होतो."