अरुंद पुलाची किंमत

माझा मामा टॉवर क्रेन चालवतो. जमिनीपासून साठ मीटर वर काचेची खोली, त्यात एक खुर्ची, दोन दांडे आणि एक वॉकीटॉकी, एवढंच त्याचं ऑफिस. सत्तावीस वर्षांत त्याच्या क्रेनखाली कुणाला साधं खरचटलेलं नाही. हे तो स्वतः कधी सांगत नाही. मामी सांगते, आणि सांगून झालं की घाईने विषय बदलते.

घरी आल्यावर हाच माणूस राक्षस, चेटकिणी आणि उडत्या घोड्यांच्या पत्त्यांत रमतो. आठ वर्षांपूर्वी त्याचा पाय मोडला, तेव्हा मी कॉलेजसाठी याच घरी राहत होते. त्याचा वेळ जावा म्हणून मी माझा पत्त्यांचा संच त्याच्या पलंगावर नेला. "ही काय पोरासोरांची चित्रं," म्हणत त्याने तोंड वाकडं केलं. तिसऱ्या दिवशी मी अभ्यासाला बसले, तर पलंगावरून हाक आली, "साहेब, वाटा की पत्ते!" तेव्हापासून मी साहेब. पाय बरा झाल्यावर त्याने प्लायवूडचा पट बनवला. दोघांच्या पुढ्यात योद्ध्यांसाठी सहा-सहा चौकोन आणि एका कडेला 'ठिकाणा'साठी एकच मोठा चौकोन. आमच्या बसायच्या जागा ठरलेल्या आहेत, त्यामुळे तो मोठा चौकोन माझ्या उजव्या हाताला येतो आणि मामाच्या डाव्या.

ठिकाणाचा पत्ता बाकीच्यांहून वेगळा. योद्धा तुमच्या बाजूने लढतो. मंत्र एकदा वापरला की संपला. ठिकाण मात्र मांडलं की दुसरं ठिकाण त्याच्या जागी येईपर्यंत पटावरच राहतं आणि दोघांनाही लागू होतं, मांडणाऱ्यालासुद्धा. म्हणून त्याची किंमत ठरवणं अवघड. मला ते मामाने शिकवलं. "चित्र बघून भुलू नकोस. हे किती पाळ्या टिकेल ते बघ. यात जास्त कोण अडकेल ते बघ. आणि हे उठवायला समोरच्याला काय गमवावं लागेल, तेही बघ." माल येईपर्यंत केबिनमध्ये नुसतं बसून राहावं लागतं, तेव्हा त्याच्या डोक्यात हेच घोळत असतं.

आमचं भांडण 'अरुंद पूल' या ठिकाणावरून होतं. हा पूल पटावर असेपर्यंत एका पाळीत एकाच योद्ध्याला हल्ला करता येतो. मामाची फौज चिल्लीपिल्ली, पाच-सहा जणांनी मिळून तुटून पडणारी. माझ्याकडे एकच धिप्पाड राक्षस. म्हणजे पूल माझ्या सोयीचा. पण मामाचं एकच पालुपद, "काढून टाक तो पत्ता. तो मांडण्यात तुझी एक पाळी फुकट जाते. तेवढ्यात मी तुझ्या राक्षसाचे दात पाडतो." मला ते पटत नव्हतं. मी पंप बनवणाऱ्या कारखान्यात चाचणी विभागात काम करते. मोजल्याशिवाय मला काही पटत नाही. दोन वर्षं मी आमचा प्रत्येक डाव लॅपटॉपमध्ये नोंदवत आले होते.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी ते आकडे काढून बसले. पूल मांडलेल्या शंभर डावांतले मी आधी पंचेचाळीस जिंकायचे. म्हणजे मामाचंच खरं होतं. पण गेल्या पाच आठवड्यांत मी अकरा वेळा पूल मांडला होता आणि अकराच्या अकरा डाव जिंकले होते.

आनंदाने मी उभीच राहिले. मामाला हाक मारणार, तेवढ्यात सवयीने थांबले. कारखान्यात एखादा पंप अचानक दुप्पट दाब दाखवायला लागला, तर आम्ही टाळ्या वाजवत नाही. आधी मीटर तपासतो. इथे पत्ता तोच होता, माझा खेळही तोच होता. पुलाशिवायचे डाव पाहिले; त्यांत मामा पूर्वीसारखाच निम्म्याहून जास्त जिंकत होता.

मग ते अकरा डाव आठवायला लागले. दर वेळी तेच. मामा तीन-चार योद्धे एकदम पुढे सारायचा, मी ओरडायचे, "मामा, पूल!" आणि तो म्हणायचा, "अरेच्चा, हा कधी मांडलास?" चुकीचा हल्ला केला की पाळी गेली, हा आमच्या घरचा नियम, त्यानेच केलेला. "साहेब हातचलाखी करायला लागले," असं तो मामीला सांगायचा आणि आम्ही तिघं हसायचो.

विसरत असेल म्हणावं, तर माझ्या हातात कुठले पत्ते उरलेत हे तो आजही बिनचूक सांगतो. मी पटाकडे पाहिलं. ठिकाणाचा चौकोन मामाच्या डाव्या हाताला. मागच्याच आठवड्यात त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला होता. ताटाच्या डावीकडचा पाण्याचा पेला त्याने दोनदा सांडला होता. आणि परवा काँक्रीटची बादली परांचीला घासून गेली, तेव्हा "वाऱ्याने खोडी काढली" असं तो आम्हालाच हसत सांगत होता. त्या परांचीवर माणसं असतात.

उद्या सकाळी सात वाजता तो बाराव्या मजल्याच्या गच्चीवर जनरेटर चढवणार होता.

"मामा, एक डाव?" माझा आवाज मलाच विचित्र वाटला.

"एकच. मग मी आडवा होणार."

"आज जागा बदलू या. तुझ्याकडे वारा जास्त लागतो."

"वारा लागला म्हणून जिंकता येत नाही, साहेब," म्हणत तो माझ्या खुर्चीवर बसला. आता मोठा चौकोन त्याच्या उजवीकडे आला. तिसऱ्या पाळीला मी पूल मांडला. मांडताना मनात एकच होतं, हा चुकू दे. थकलाय, लक्ष नाहीये, एवढंच असू दे.

पत्ता टेकायच्या आत तो म्हणाला, "आणलास का शेवटी तुझा लाडका पूल!" त्याने सगळी फौज मागे घेतली, एकाच धनुर्धाऱ्याला पुढे धाडलं, दोन पाळ्यांनी स्वतःचं ठिकाण मांडून माझा पूल उठवला आणि राक्षस आडवा केला. "किती वेळा सांगितलं, काढून टाक तो पत्ता!" तो मांडीवर थाप मारून हसला. मी हरले होते, आणि हरून इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

"आता जुन्या जागी. आणखी एक."

"अगं, हरलीस ना? रड आता गुपचूप."

"मामा, बस ना."

तो बसला. मी पूल मांडला. त्याने चार योद्धे एकदम पुढे सारले आणि माझ्याकडे बघत राहिला. मी काही बोलले नाही.

"काय झालं? मेला ना राक्षस?"

"पूल आहे, मामा."

त्याने मान पूर्ण डावीकडे वळवली तेव्हा कुठे त्याला तो दिसला. या वेळी तो हातचलाखीबद्दल काही बोलला नाही.

मी लॅपटॉप त्याच्यापुढे फिरवला. आकडे त्याला समजावून सांगावे लागत नाहीत. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. "लक्ष नसतं माझं. कामाने डोकं उठतं."

"तिकडे बसलास तेव्हा होतं लक्ष."

"डोळे तपासलेत माझे! सगळ्यात खालची ओळ वाचली मी, एका दमात."

"ती ओळ समोर असते, मामा."

मी ओट्यावरून एक चमचा आणला आणि त्याच्यासमोर बसले. "माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवायची नाही. चमचा दिसला की सांग." उजवीकडून आणला तर तो लगेच म्हणाला, "दिसला." मग डावीकडून. चमचा त्याच्या खांद्यापाशी आला, गालापाशी आला, आणखी पुढे आला.

"आण की," मामा म्हणाला. "वाट कसली बघतेस?"

चमचा माझ्या कानाच्या जवळ होता. हात पुसत मामी दारात येऊन उभी होती. तिने चमचा पाहिला, मामाचे डोळे पाहिले आणि भिंतीला टेकली. तेव्हा मामाची नजर हलली. चमचा कुठे आहे ते त्याला दिसलं.

मामाने चमचा माझ्या हातातून घेऊन पटावर ठेवला. मग तो अगदी हळू म्हणाला, "उद्याचा दिवस काढतो. जनरेटर एकदा वर गेला की दाखवू डॉक्टरला."

"नाही," मामी म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. मान वळवून वळवून बघेन ना मी! सत्तावीस वर्षं काय डोळे मिटून काढली?"

मामीला रडू आवरेना. याला अडवायचं कसं? उद्या पहाटे दार लावून घ्यायचं? साइटवर फोन करून याच्या पाठीमागे सांगायचं? ते केलं तर हा माणूस आयुष्यात माझ्याशी बोलणार नाही, आणि नाही केलं तर उद्या सात वाजता काय होईल, ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं. शेवटी मी त्याला त्याच्याच भाषेत विचारलं.

"बोका कुठे उभा असतो?"

बोका म्हणजे मामाचा सिग्नलवाला. मांजरासारखा परांचीवरून फिरतो म्हणून ते नाव. चौदा वर्षं मामाने त्याच्या हातांच्या खुणा बघून माल उचललाय.

मामा पटावरचे पत्ते गोळा करायला लागला.

"मामा, माल उचलताना बोका कुठे असतो?"

"सकाळचं ऊन उजवीकडून डोळ्यांवर येतं," तो म्हणाला. मग थांबला. "म्हणून त्याला मीच सांगितलंय. डावीकडे राहा म्हणून."

त्याने फोन उचलला. नंबर दोनदा चुकला. स्पीकर लावला होता की चुकून लागला, कोण जाणे.

"काय मालक! रविवारी गरिबाची आठवण?"

"बोक्या, उद्या मी वर चढत नाही. जनरेटर थांबवायला सांग. इंजिनियरला मी फोन करतोच, पण तू आधी सांग."

"तब्येत बरी नाही का?"

"माझी डावी बाजू दिसत नाही."

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला.

"मालक, रागावू नका," बोका म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "महिना झाला, मी हात दाखवायचं सोडून दिलंय. तुम्ही बघतच नव्हता. मला वाटलं, माझ्यावर कशाने तरी चिडलात. म्हणून सगळं वॉकीवरच सांगत होतो. परवा ती बादली घासली ना, तेव्हा वॉकीची बॅटरी गेली होती. मी दोन्ही हात हलवत होतो. उड्या मारत होतो, मालक."

मामाने फोन मांडीवर ठेवला. "उड्या मारत होता," तो आमच्याकडे न बघता म्हणाला. परांचीवर त्या दिवशी किती माणसं होती, हे तो मनातल्या मनात मोजत असावा, कारण ओठ हलत होते. मग त्याने इंजिनियरला फोन लावला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी न अडखळता.

मी माझ्या डॉक्टर मैत्रिणीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, उद्यावर ढकलू नका, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. दोष डोळ्यांतच असेल असं नाही, मेंदूतही असू शकतो. मामीने आधारकार्ड आणि दवाखान्याचे कागद ठेवायचा तिचा डबा पिशवीत टाकला. आम्ही खाली उतरलो. जिना उतरताना मामाने पहिल्यांदा कठडा धरला.

दवाखाना रस्त्यापलीकडे दोन चौकांवर आहे. रविवार दुपार, रस्ता जवळपास मोकळा. फुटपाथच्या कडेला येऊन मामा उभा राहिला आणि पाऊल पुढे टाकेना. साठ मीटरवर वादळात बसणारा माणूस. त्याने उजवीकडे पाहिलं, मान वळवून डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"काही येत नाहीये, मामा. चल."

"थांब," तो म्हणाला. "थांब जरा."

मामी मागून त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि तिने त्याचा हात धरला. तो जागच्या जागी दचकला.

"कोण?"

"मीच आहे," मामी म्हणाली.